मी कोचना नको म्हणालो

बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळचा पहिला आवाज माझ्या गुडघ्याचा असायचा. पलंगावरून पाय खाली सोडले की उजवा गुडघा कटकन वाजायचा, आणि पलीकडच्या खोलीतून मृणाल, माझी धाकटी बहीण, अर्धवट झोपेत म्हणायची, "दादा, ऑइल इट, लाह." त्यानंतर कुकर, मिक्सर, खाली थांब्यावर बसचं दार उघडल्याचा आवाज आणि शेजारच्या लिम आंटींच्या रेडिओवरची चिनी गाणी, अशा क्रमानं दिवस उजाडायचा. आई नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायला जायची. तिला सातच्या आत एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, गाठायची असे, तरी निघण्यापूर्वी ती माझ्यासाठी चार थालीपिठं लावून जायची आणि वर लोण्याचा गोळा. लोणी न्यूझीलंडचं, भाजणी पुण्याहून आत्यानं पाठवलेली. बास्केटबॉल खेळून पोट भरणाऱ्या, सहा फूट तीन इंच उंचीच्या माणसानं काय खावं याचा एक छापील कागद आमच्या क्लबच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिला होता. आईनं तो कौतुकानं फ्रिजवर लावला, आणि त्याच्याकडे पाठ करून थालीपिठं थापत राहिली.

त्या क्लबकडून मी चार हंगाम खेळलो. काय खेळलो हे सांगणं जरा अवघड आहे, कारण मी जे करायचो ते दिसत नसे. बास्केटबॉलमध्ये स्क्रीन नावाचा एक प्रकार असतो. आपल्या नेमबाजाच्या मागे लागलेल्या माणसाच्या वाटेत जाऊन खांबासारखं उभं राहायचं. तो येऊन आपल्यावर आदळतो, तेवढ्यात आपला नेमबाज मोकळा होतो, बॉल टाकतो आणि लोक त्याच्या नावानं ओरडतात. मी तो खांब. शिवाय समोरच्या संघातला सर्वांत दांडगा माणूस नेहमी माझ्या वाट्याला. त्याला रिंगपासून लांब रेटत राहायचं, तो धावत आला की पाय रोवून छातीवर घ्यायचा, पाठीवर आपटायचं आणि उठून परत आपल्या जागी जायचं. चार हंगामांत मी एकही सामना चुकवला नाही, एकही सराव चुकवला नाही, आणि माझं नाव छापलेला टी-शर्ट स्टँडमध्ये एकदाही पाहिला नाही. एकदा एक बाई वही घेऊन पुढे आल्या. मी सही करायला हात पुढे केला, तर त्यांनी आमच्या नेमबाजाबद्दल विचारलं, वेइ जी कोणत्या दारानं बाहेर पडतो? मी दार दाखवलं. ही तक्रार नाही. मला त्या कामाची गोडी होती. आपण बरोबर जागी उभे राहिलो म्हणून दुसऱ्याचा बॉल पडला, हे मैदानात पाचसहा माणसांना कळायचं, आणि तेवढी माणसं मला पुरत होती.

बाबा मात्र त्या पाचसहांत नव्हते. ते एका बँकेच्या बॅक ऑफिसात होते आणि खेळाशी त्यांचा संबंध पेपरातल्या बारीक अक्षरांपुरता. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना चष्मा वर करून ते ती अक्षरं शोधायचे. "काल चार गुण?" "हो बाबा, चार." "आणि त्याच्या आधी?" "दोन." "मग वाढले की," असं म्हणून ते पान उलटायचे. त्यात टोमणा नसे. माणूस नाकासमोर चालणारा. आपण बरं नि आपलं काम बरं, पुढे पुढे करायचं नाही, मागून काही घ्यायचं नाही, ही त्यांची शिकवण होती आणि ती त्यांनी स्वतः पाळली होती. त्यांच्या हाताखाली शिकलेली तीन माणसं पुढे त्यांचेच साहेब झाली. बाबांनी तिघांनाही घरी जेवायला बोलावलं आणि तिघांनाही आईच्या हातचे उकडीचे मोदक खायला घातले. महाराष्ट्र मंडळात कुणी माझी चौकशी केली की ते घाईनं म्हणायचे, "तो स्पोर्ट्समध्ये आहे," आणि समोरच्याच्या मुलाचा अभ्यास कसा चालला आहे ते विचारायचे. मला ते लागायचं. कधी बोललो नाही, पण एकदा तरी त्यांनी माझ्याबद्दल सबंध वाक्य बोलावं अशी माझी फार इच्छा होती.

आता आमच्या घरातली वाढण्याची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. एका गणपतीत मी वेइ जीला जेवायला आणलं. वेइ जी म्हणजे आमचा नेमबाज, वुडलँड्सला आईवडिलांकडे राहायचा, माझ्या शेजारचं कपाट त्याचं. आईनं पुरणपोळी वाढली. त्यानं खाल्ली, हात जोडून म्हणाला, "नो, आंटी, फुल ऑलरेडी." आईनं दुसरी वाढली. तीही त्यानं कशीबशी संपवली आणि पुन्हा नो म्हणाला. आईनं तिसरी वाढून वर तुपाची धार सोडली. लिफ्टमध्ये तो भिंतीला टेकून मला म्हणाला, "युवर मदर डोन्ट अंडरस्टँड नो, आह?" मी त्याला समजावलं की आमच्यात पहिलं 'नको' ही नुसती सभ्यता असते. दुसरंही तसंच. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, आपण नको नको म्हणायचं आणि मग घ्यायचं. पहिल्यालाच हो म्हणणारा माणूस हावरा दिसतो, आणि एकदा विचारून पातेलं उचलणारा यजमान कद्रू. "आणि खरंच नको असलं तर?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "मग ताटावर आडवं पडायचं." तो पोट धरून हसला, आणि हसल्यामुळे त्याचं पोट आणखी दुखलं.

चौथा हंगाम संपला तेव्हा कोचनी प्रत्येकाला एकेकटं बोलावलं. कोच ग्रेग ऑस्ट्रेलियाचे, पन्नाशीचे, उन्हानं लाल झालेल्या मानेचे. त्यांची पद्धत सरळ होती. प्रश्न विचारायचा, उत्तर वहीत लिहायचं, वही मिटायची. मैदानामागच्या बॉल ठेवायच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या आणि एसी गळत होता म्हणून खाली बादली ठेवलेली होती. त्यांनी सांगितलं की इथल्या खेळाडूंसाठी एकच जागा उरली आहे, आणि ती एक तर माझी, नाहीतर मार्कसची. मार्कस तेव्हा नुकताच नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा, संपवून आला होता, उड्या माझ्यापेक्षा उंच मारायचा आणि स्क्रीन लावताना हलायचा. "माझं मत तुझ्या बाजूनं आहे," कोच म्हणाले, "पण शरीर तुझं आहे, गुडघा तुझा आहे. तुला आणखी एक वर्ष हवंय का?"

मला हवं होतं. फार हवं होतं. सत्ताविसाव्या वर्षी मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसऱ्या कशाची ओढही नव्हती. पण मी म्हणालो, "नको, कोच. मार्कसला द्या. त्याचं वय आहे. मला खूप मिळालं." आणि मी थांबलो. पुढचं वाक्य त्यांचं होतं. असं कसं, तुझ्याशिवाय कसं चालेल, असं काहीतरी त्यांनी म्हणायचं होतं, आणि मग मी जरा खाली बघून, बरं, तुम्ही म्हणताय तर, असं म्हणणार होतो. यातलं काही मी ठरवून केलं नव्हतं. शिंक यावी तसं ते तोंडून आलं. कोच माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वहीत लिहिलं, वही मिटली, उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरले होते. इतकी वर्षं कोचिंग करतोय, ते म्हणाले, स्वतःची जागा अशी कुणी दिली नाही. मी थँक यू म्हणालो. कशाबद्दल म्हणालो ते अजून मला ठाऊक नाही.

बाहेर कार पार्कमध्ये ते माझ्यामागे आले. उन्हात डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "यू शुअर, मेट?" आणि मी, ज्याला हा प्रश्न ऐकायचा होता, ज्यासाठी मी त्या खोलीत श्वास धरून बसलो होतो, तो मी हसून म्हणालो, "शुअर, कोच." कारण दुसऱ्यांदाही नको म्हणायचं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि ते आत गेले. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. वाटलं, ते परत येतील.

त्यानंतर मला काही वाटलं नाही. हे अगदी जसंच्या तसं सांगतो आहे. लोक म्हणतात आभाळ कोसळलं, पायाखालची जमीन सरकली. माझं आभाळ वर होतं आणि जमीन खाली. समोरच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन मी चिकन राइस खाल्ला. चांगला होता. काकडी जास्त मागून घेतली. घरी काहीच सांगितलं नाही. सुट्टीतही आम्ही सराव करायचो, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून मी नेहमीच्या वेळी बॅग घेऊन निघायचो, म्हणजे कुणी काही विचारायला नको. बुकित बातोकला एमआरटीत बसायचो आणि सबंध लाल लाइन फिरायचो. वुडलँड्सपर्यंत खिडकीतून इमारतींवर वाळत घातलेले कपडे दिसायचे. पुढे गाडी जमिनीखाली जायची आणि नोव्हेना यायचं. तिथे दारं उघडली की मी मनात म्हणायचो, वरती आई आहे, लोकांचं रक्त तपासते आहे. दारं मिटायची. शेवटच्या स्टेशनला उतरून मी समोरची गाडी पकडायचो. बुटांची जोडी नवी होती, तिचा रबराचा वास बॅगेतून यायचा, आणि तो आला तरी मला रडू वगैरे येत नव्हतं. आता मी शिकवतो त्या शाळेत एखादा मुलगा हरल्यावर अगदी शांत बसला की मी त्याला एकटा सोडत नाही. रडणाऱ्यांची मला तितकी काळजी वाटत नाही.

चौथ्या दिवशी, शनिवारी, ते पेपरात आलं. कोचनी एका वार्ताहराला सांगितलं होतं. लहानशीच बातमी, पण माझ्या नावानं आणि फोटोसह. तरुण सहकाऱ्यासाठी अनुभवी खेळाडूनं स्वतःहून जागा सोडली, असा तिचा आशय. आई कांदेपोहे परतत होती. बाबांनी बारीक अक्षरं शोधायला पान उघडलं आणि त्यांना मोठी अक्षरं सापडली. त्यांनी बातमी दोनदा वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तू केलंस?"

"हो."

"कुणी सांगितलं नव्हतं? स्वतःहून?"

"हो, बाबा."

ते उठले, माझ्या खुर्चीपाशी आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी बसलेला असल्यामुळे त्यांना तो ठेवता आला. "शाब्बास," ते म्हणाले. "मला वाटायचं, या खेळात तू काय शिकतोस. माझं चुकलं." आईनं पोह्यांवर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यांनी तुला विचारलं होतं ना, हवंय का म्हणून? मग नको का म्हणालास?" बाबाच म्हणाले, "अगं, यालाच मोठं मन म्हणतात." "लावा मग पुण्याला फोन," आई म्हणाली, माझ्यावरची नजर न काढता. बाबांना ती पडत्या फळाची आज्ञा. आत्याला लावला, काकांना लावला, त्यांच्या जुन्या शाळेतल्या मित्राला लावला. दर वेळी बातमी पहिल्यापासून वाचून दाखवली, मराठीत करून. "नाही रे, काढलं नाही. तोच म्हणाला, मला नको." मृणाल दात घासत बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, यू सो नोबल, मेह?" मी पोहे खाल्ले. दुसऱ्यांदाही घेतले.

सोमवारी वेइ जीनं मला कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला बोलावलं. कपात चमचा फिरवत त्यानं विचारलं, मला खरंच नको होतं का. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "म्हणजे तू तुमच्या घरातलं नो म्हणालास." मी मान हलवली. "कोच तुझी आई नाहीत, ब्रो." हे म्हणताना तो हसत नव्हता. त्यानं सांगितलं की मार्कस शुक्रवारी दुपारी सही करणार आहे, अजून केलेली नाही. "आत्ता जा आणि सांग, मला हवंय. कोच हसतील आणि कागद बदलतील. कॅन वन, जमेल. फक्त तोंड उघड." माझ्या आत इतक्या दिवसांत प्रथमच काहीतरी हललं. मला भीती वाटली, म्हणजे मला अजून वाटत होतं. मी ठरवलं की बाबांना आधी सांगायचं आणि मग कोचकडे जायचं. त्यांना पेपरातून कळावं असं मला पुन्हा नको होतं.

तीन दिवस टाळाटाळ करून गुरुवारी संध्याकाळी मी ते सांगायला घरी आलो, तर हॉलमध्ये बाबांचे साहेब बसले होते. बाबांच्या हाताखाली शिकलेल्या तिघांपैकी सर्वांत धाकटे, मिस्टर टे. बाबांनी त्यांना चहाला बोलावलं होतं. समोर चिवडा होता, बाकरवडी होती आणि पेपरातलं ते पान चौकोनी घडी करून ठेवलेलं होतं. मी दारात बूट काढत होतो. बाबा उभे राहिले. "धिस इज माय सन," ते म्हणाले. "ही प्लेज बास्केटबॉल. ही हॅड अ प्लेस इन द टीम अँड ही गेव्ह इट टु अ यंगर मॅन." शब्दांवर जोर देत, न अडखळता. मिस्टर टे उठून उभे राहिले आणि त्यांनी मला वाकून हात दिला. त्या क्षणी बाबांचा चेहरा मी पाहिला. आयुष्यभर त्यांनी ज्या ज्या जागा सोडल्या होत्या, त्या सगळ्यांचं कुणीतरी मोल केल्यासारखे ते उभे होते. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्याबद्दल तितकंच प्रेम दाटून आलं. मी बाकरवडीची बशी पुढे केली.

शुक्रवारी सकाळी मी बॅग भरली आणि निघालो नाही. वेइ जीचा फोन दोनदा वाजला. दुपारी आमटी-भात गरम करून खाल्ला, ताट धुतलं, घड्याळ बघितलं. सही झाली असेल, असं मनात म्हणालो. आत जे हललं होतं ते पुन्हा जागच्या जागी बसलं आणि पुढची दोनेक वर्षं बसूनच राहिलं. नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला क्लबनं माझा सत्कार केला. फ्रेम केलेली जर्सी दिली, लोक उभे राहिले. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि सगळे बसल्यावरही थोडा वेळ उभेच होते. मग सामना सुरू झाला. मार्कसनं पहिली स्क्रीन लावली आणि तो हलला. वेइ जीचा बॉल हुकला. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. आई शेजारी होती, तिनं माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं आणि मग उशिरापर्यंत ती बाही सोडली नाही.

मी आता एका शाळेत खेळ शिकवतो. आई गेली. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्याच फ्लॅटमध्ये असतात, आणि दुपारभर टीव्हीवर काहीही बघतात. अलीकडे बास्केटबॉल बघतात. मागच्या वर्षी एका रविवारी मी त्यांच्यासाठी मटार सोलत बसलो होतो. पडद्यावर कुठल्याशा संघाचा सामना चालला होता. बाबा अचानक पुढे वाकले आणि बोटानं पडद्यावरचा एक माणूस दाखवला. "हा बघ. हा नुसता उभा राहिला म्हणून त्याला टाकता आला बॉल. तू हेच करायचास ना?"

"हो," मी म्हणालो. "हेच."

"हे अवघड आहे रे," ते म्हणाले. नंतर त्यांनी आवाज बंद केला. थोडा वेळ माणसं नुसती इकडून तिकडे धावत राहिली. "नितीन, तुला तेव्हा आणखी खेळायचं होतं का?"

मटाराची शेंग माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली. "हो, बाबा. एक वर्ष."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रिमोट दोन्ही हातांत धरून ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग मला सांगायचंस की. फोनच तर केले होते मी सगळ्यांना. परत केले असते."